एक टिक म्हणजे ब्लॉक नव्हे

लग्नाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, करडी टिक एकच दिसली, की घरात निकाल लागतो: "काकांनी आपल्याला ब्लॉक केलंय!" या समजुतीपायी कितीतरी नात्यांत उगाच अबोला आला असेल.

एक टिक म्हणजे मेसेज तुमच्या फोनवरून निघून सर्व्हरवर पोहोचला, बस्स. काकांचा फोन बंद असेल, डेटा पॅक संपला असेल, गावात रेंज नसेल, तर तो तिथेच थांबतो, 30 दिवसांपर्यंत. फोन नेटला जोडला गेला की दुसरी टिक येते.

ब्लॉक केल्यावरही एकच टिक राहते, हे खरं. 'लास्ट सीन' दिसत नाही, बदललेला डीपी दिसत नाही, व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही. पण यातल्या प्रत्येक खुणेला दुसरं साधं कारण असू शकतं. ब्लॉक करणाऱ्याची खासगी बाब उघड होऊ नये म्हणून कंपनीने हे मुद्दामच मोघम ठेवलंय. त्यामुळे ब्लॉक ओळखण्याच्या हमखास युक्त्या सांगणारे फॉरवर्ड खुशाल डिलीट करा.

2014 साली आलेल्या निळ्या टिकांचंही तसंच. त्या सेटिंगमधून बंद करता येतात, शिवाय वरच्या नोटिफिकेशनमध्ये मेसेज वाचला तर त्या उमटतच नाहीत. उलट नातवाने चॅट उघडलं तरी टिका निळ्या होतात, काकांना पत्ताही नसतो. (ग्रुपमध्ये तर सगळ्यांनी वाचेपर्यंत त्या करड्याच.)

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ब्लॉकने साधा फोन अडत नाही. तो लावून बघा.