नाळेच्या रक्ताची ब्लड गॅस तपासणी : माता-पित्यांसाठी माहितीपत्रक

बाळ जन्मल्यानंतर नाळेचा वीतभर तुकडा दोन्ही टोकांना चिमटे लावून वेगळा केला जातो आणि त्यातील थोडेसे रक्त, साधारण अर्धा ते एक मिलिलिटर, जन्माच्या सुमारास बाळाला प्राणवायू पुरेसा मिळत होता का हे पाहण्यासाठी यंत्रावर तपासले जाते. या तपासणीसाठी बाळाला किंवा आईला सुई टोचावी लागत नाही. नाळेचे रक्त गोठवून वर्षानुवर्षे साठवण्याची जी सेवा काही कंपन्या देतात, तिच्याशी या तपासणीचा काहीही संबंध नाही. हा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेकडे वरचेवर येत असल्याने तो सुरुवातीलाच स्पष्ट करीत आहोत.

पोटात असताना बाळाची फुप्फुसे श्वास घेत नाहीत, ते काम वार (प्लॅसेंटा) करते. नाळेतील एक शीर वारेकडून प्राणवायूयुक्त रक्त बाळाकडे आणते आणि दोन धमन्या बाळाने वापरलेले रक्त वारेकडे परत नेतात, म्हणून बाळाची स्वतःची अवस्था धमनीच्या रक्तातच दिसते. कळांच्या काळात हा पुरवठा अडला, तर प्रथम कार्बन डायऑक्साइड साचून रक्त आम्ल होते. ही आम्लता बाळ रडून श्वास घेऊ लागल्यावर बहुधा लवकर ओसरते. अडथळा लांबला, तर पेशी प्राणवायूविना साखर वापरू लागतात, लॅक्टिक आम्ल साठते आणि ते निवळायला वेळ लागतो. या दोन अवस्थांमधील फरक बाळाकडे पाहून ओळखता येत नाही. त्यासाठी पीएच (हा जितका कमी, तितके रक्त अधिक आम्ल), कार्बन डायऑक्साइड आणि ‘बेस डेफिसिट’ (आम्ल निवळवणारे घटक रक्तात किती कमी पडले, त्याचे माप) हे तिन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात.

धमनीतील पीएच सरासरी ७.२७ च्या आसपास आणि शिरेतील ७.३५ च्या आसपास असतो. ७.३ वरून ७.० ही घट दिसायला लहान असली, तरी तिचा अर्थ आम्लता दुप्पट झाली असा होतो. धमनीतील पीएच ७.० पेक्षा कमी आणि बेस डेफिसिट १२ किंवा त्याहून अधिक असेल, तर डॉक्टर ते गंभीर मानतात. तरीही असा अहवाल आलेली बरीच बाळे पुढे निरोगी वाढतात, त्यामुळे केवळ आकडा पाहून आपण बाळाच्या भवितव्याविषयी निष्कर्ष काढू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. हा अहवाल जन्माच्या आधीच्या थोड्या काळाविषयी बोलतो. अपगार गुण (जन्मानंतर लगेच श्वास, हृदयाचे ठोके, रंग इत्यादी पाहून बाळाला दिलेले गुण), बाळाची हालचाल आणि त्याचे दूध ओढणे हे सारे डॉक्टर त्याच्या जोडीने पाहतात.

धमनी आणि शीर अशा दोन्ही नमुन्यांचा आमचा आग्रह असतो. नाळेतील धमन्या बारीक असतात आणि घाईत दोन्ही सिरिंजमध्ये शिरेचेच रक्त येऊ शकते. तसे झाल्यास त्रासात असलेल्या बाळाचा अहवालही चांगला दिसतो. दोन्ही पीएचमध्ये ०.०२ इतकाही फरक नसेल, तर आम्ही अहवालावर तशी शंका नोंदवतो.

नमुना नेहमीच्या खोलीच्या तापमानात साधारण तासभर टिकतो, लॅक्टेटसाठी (लॅक्टिक आम्लाच्या मोजमापासाठी) मात्र २० मिनिटेच धरावीत. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेल्या सिरिंजमधील रक्तपेशी त्या उष्णतेने अधिक वेगाने आम्ल तयार करतात. परिणामी बाळ ठणठणीत असतानाही अहवाल वाईट येऊ शकतो. म्हणून आम्ही जळगाव शहरातील, अर्ध्या तासाच्या आत नमुना पोहोचवू शकणाऱ्या प्रसूतिगृहांनाच ही सेवा देतो. चोपडा, यावल, रावेर येथून उशिरा आलेले नमुने आम्ही परत करतो, याचे आम्हाला वाईट वाटते. पण चुकीच्या आकड्यापेक्षा आकडा नसलेला बरा. तेथील कुटुंबांनी, विशेषतः जुळी किंवा अपुऱ्या दिवसांची बाळे अपेक्षित असल्यास, आपल्या रुग्णालयातच यंत्र आहे का, हे आठव्या महिन्यातच विचारून ठेवावे.

तपासणीसाठी नाळ लवकर कापण्याचा आग्रह कोणीही धरू नये. जन्मानंतर किमान एक मिनिट थांबणे बाळाच्या हिताचे असते आणि त्यानंतरही नमुना घेता येतो. आकडे किंचित बदलतात, ते डॉक्टरांना ठाऊक असते.

गंभीर आकडा आल्यास आम्ही कागदाची वाट न पाहता थेट प्रसूतिगृहाला फोन करतो, कारण मेंदूला इजा झाल्याची शंका असलेल्या बाळाचे शरीर ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार द्यायचा की नाही, याचा निर्णय नवजात-तज्ज्ञांना जन्मानंतरच्या पहिल्या ६ तासांतच घ्यावा लागतो, आणि बाळाला मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा वेळही त्यातच धरलेला असतो.