शहरी लोकसंख्येची घनता
शहराच्या एक चौ.किमी. जागेत सरासरी किती माणसं राहतात तो आकडा. हिशोब सोपाय, वाद आहे तो छेदात काय धरायचं यावर. पालिकेची अख्खी हद्द धरली, म्हणजे विमानतळ, तलाव, जंगल सगळं आलं, की ती ग्रॉस डेन्सिटी आणि फक्त राहत्या प्लॉटचं क्षेत्र धरलं की नेट, आणि एकाच शहराच्या या दोन आकड्यांत दुपटीचा फरकही सहज पडतो. म्हणून सगळ्यात दाट शहरांच्या याद्या जपून वाचाव्यात. मनिला त्यात बहुतेक वेळा वर असतं (२०२० मध्ये साधारण ४३,००० प्रति चौ.किमी.), पण ते म्हणजे जेमतेम ४३ चौ.किमी.चं मूळ शहर, आजूबाजूचं महानगर त्यात नाहीच.

उलट गंमत २०१० च्या अमेरिकन जनगणनेत दिसते. सलग शहरी पट्टा धरला तर लॉस एंजेलिस न्यूयॉर्कपेक्षा दाट निघतं, कारण न्यूयॉर्कची विरळ उपनगरं सरासरी खाली ओढतात. प्रत्येक भागाला तिथल्या लोकसंख्येइतकं वजन देऊन सरासरी काढली की न्यूयॉर्क बरंच पुढे जातं. तुलनेला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते.

जुन्या शहरांचं तर अजूनच अवघड. सम्राट ऑगस्टसच्या काळातल्या (इ.स.च्या सुरुवातीच्या आसपास) रोमची वस्ती दहा लाखांच्या आसपास असावी असं बरेच अभ्यासक धरतात, मुख्य आधार म्हणजे सरकारी धान्य मिळणाऱ्या नागरिकांचे आकडे, त्यावर बायका, मुलं, गुलाम अंदाजाने वाढवायचे. रोमभोवतीच्या ऑरेलियन तटबंदीच्या आत सुमारे १३.७ चौ.किमी. जागा, भागाकार केला तर घनता ७०,००० च्या वर जाते आणि हा आकडा बऱ्याचदा तसाच उचलला जातो. पण तट बांधायला घेतला इ.स. २७१ च्या सुमारास, म्हणजे अंश एका काळातला नि छेद जवळपास पावणेतीनशे वर्षांनंतरचा, शिवाय तटाच्या रेषेबाहेरही लोक राहायचे. दुसरा एक गट वस्ती पाच लाखांच्या आतच धरतो. दहा लाखांचा अंदाज बाद करण्याइतका तो युक्तिवाद भक्कम नाही, मात्र त्यावरून काढलेल्या घनतेवर फार विसंबू नये हे बरं.

केंद्रापासून लांब जावं तशी घनता घातांकी दराने (म्हणजे दर किलोमीटरला ठरावीक टक्क्यांनी) घटते, असं सूत्र अर्थतज्ज्ञ कॉलिन क्लार्क यांनी १९५१ मध्ये मांडलं. ते ढोबळमानाने चालतं, फक्त ऐन मध्यावर ऑफिसंच ऑफिसं असतील तर तिथे खड्डा पडतो, कारण जनगणना माणूस राहतो तिथे मोजते, कामाला जातो तिथे नाही.

घनता म्हणजे घरातली दाटी नव्हे. उंच टॉवरमध्ये ऐसपैस फ्लॅट असू शकतात नि बैठ्या वस्तीत एका खोलीत पाच जण. यूएन-हॅबिटॅट ही संयुक्त राष्ट्रांची वस्तीविषयक संस्था एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं असली की दाटी मानते. हाँगकाँगच्या कोवलून तटबंद वस्तीत दोन्ही होतं, २.६ हेक्टरमध्ये १९८७ च्या पाहणीत सुमारे ३३,००० लोक. प्रति चौ.किमी. ते १२ लाखांवर जातं, पण इतक्या छोट्या तुकड्याचा आकडा अख्ख्या शहराशेजारी मांडण्यात अर्थ नाही. १९९३-९४ मध्ये ती वस्ती पाडली.