आदिवासी वारसास्थळाची वर्दी (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियात रानात फिरताना, शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीची, दफनाची वा कारागिरीची खूण दिसली, तर तिला हात न लावता वारसा खात्याला आणि त्या भूमीच्या पारंपरिक मालक समाजाला कळवण्याची रीत. बहुतेक राज्यांत ते कायद्याने बंधनकारक आहे. ‘शोध’ हा शब्द इथे जपून वापरावा. वर्दी देणाऱ्याला नवी वाटणारी जागा त्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असू शकते.

ही रीत रुजण्यापूर्वी काय होई, ते न्यू साउथ वेल्समधल्या मंगो सरोवराच्या उदाहरणात दिसते. १९६८ मध्ये भूशास्त्रज्ञ जिम बाउलर यांना तिथल्या कोरड्या सरोवराकाठी जळकी हाडे दिसली. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी पाहिल्यावर ती माणसाची निघाली आणि सूटकेसमध्ये भरून कॅनबेराला गेली. सुमारे ४२ हजार वर्षांपूर्वीच्या त्या ‘मंगो लेडी’चे अवशेष तिथल्या समाजांकडे परत आले ते १९९२ मध्ये. विज्ञानाचा मोठा लाभ झाला यात शंका नाही. विचारले मात्र कोणालाच नव्हते.

खुणा सहसा डोळ्यांत भरत नाहीत. ओढ्याकाठच्या खडकावर दगडी कुऱ्हाडी घासून पडलेल्या खोबणी, हत्यारे घडवताना उडून वाळूत विखुरलेल्या दगडी छिलक्या, पाट्यासारखे झिजलेले दगड, मासे अडवायचे दगडी बांध यांवरून माणसे सहज चालत जातात. किनाऱ्यावरचा शिंपल्यांचा थर लाटांनी टाकला असेल, तर त्यात बारीकसारीक सगळेच सापडते. माणसांनी खाऊन टाकलेला असेल, तर शिंपले बहुतेक खाण्याजोग्या आकाराचे असतात आणि सोबत कोळसा, भाजलेले दगड, हाडांचे तुकडे मिळतात. होडी, ढाल किंवा भांडे करण्यासाठी साल काढलेल्या झाडाचा व्रण बराचसा सुबक, लांबट असतो आणि कडांनी नवी साल वळून आलेली दिसते. वीज पडून वा फांदी मोडून झालेली जखम बहुधा वेडीवाकडी. अर्थात नक्की काय ते जाणकारांनी ठरवायचे. वर्दीला नुसती शंका पुरते.

वस्तू उचलायची नाही, पुसायची नाही, आणखी काही निघते का म्हणून उकरायचे तर मुळीच नाही. शेजारी नाणे किंवा टोपी ठेवून छायाचित्र घ्यावे, एक जवळून आणि एक आजूबाजूच्या परिसरासह. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपून घ्यावेत. भारतातला १८७८ चा निखात निधी कायदा सापडलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांहून अधिक आहे का ते विचारतो. इथे किमतीचा प्रश्नच नाही. दगडी छिलकी खिशात गेली की उरतो तो एक दगड. ती कोणत्या थरात, कशाशेजारी पडली होती, हीच तिची माहिती असते.

माणसाची वाटणारी हाडे दिसली, तर काम जागीच थांबवून आधी पोलिसांना कळवतात. मृत्यू अलीकडचा की दफन प्राचीन, हे ठरल्यावर प्रकरण वारसा खात्याकडे आणि समाजाकडे जाते.

न्यू साउथ वेल्समध्ये १९७४ चा राष्ट्रीय उद्याने व वन्यजीव कायदा लागू होतो, व्हिक्टोरियात २००६ चा आदिवासी वारसा कायदा. व्हिक्टोरियात नोंदणीकृत आदिवासी संस्थांना निर्णयाचे अधिकारही आहेत. जागा सरकारी वारसा नोंदवहीत चढली म्हणून जमिनीची मालकी बदलत नाही. शेतकऱ्यांना हे आवर्जून सांगावे लागते, कारण जमीन जाईल या भीतीपायीच अनेकदा खूण दडपली जाते.

पण कळवूनही सगळे वाचतेच असे नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जुकन घळीतील प्रस्तराश्रय (माणसे आसरा घेत ते खडकाचे आडोसे) पाडायला तिथल्या १९७२ च्या वारसा कायद्याखाली २०१३ मध्ये मंजुरी मिळाली. पुढच्याच वर्षी उत्खननात सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीची माणसाच्या केसांची वेणी निघाली आणि जनुकीय तपासणीत तिचे नाते आजच्या पुटू कुंटी कुर्रामा व पिनिकुरा लोकांशी जुळले. नवी माहिती आली म्हणून जुनी मंजुरी फेरतपासायची तरतूदच कायद्यात नव्हती. मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी सुरुंग लावले आणि ४६ हजार वर्षांच्या वावराची जागा नष्ट झाली. २०२१ चा नवा कायदा २०२३ मध्ये लागू होऊन त्याच वर्षी रद्द झाला. मात्र पुन्हा आणलेल्या जुन्या कायद्यात, मंजुरीनंतर हाती आलेली माहिती मंत्र्यांना कळवण्याची सक्ती घालण्यात आली.

ठिकाण चारचौघांत सांगू नये, हा या रीतीचा सर्वांत जास्त मोडला जाणारा भाग. मोबाइलच्या छायाचित्रात स्थानाची नोंद दडलेली असते, ते समाजमाध्यमांवर टाकले की पत्ता जगाला कळतो. काही स्थळे फक्त स्त्रियांनी वा फक्त पुरुषांनीच जाणायची असतात, त्यामुळे सरकारी नोंदवहीतला बराच तपशीलही सर्वांना खुला नसतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील कूनाल्डा गुहेला तर कुंपणही होते. तरी २०२२ मध्ये कोणीतरी आत शिरून, हजारो वर्षांपूर्वी बोटांनी ओढलेल्या रेघांवर अक्षरे कोरल्याचे उघड झाले. भिंत मऊ चुनखडीची आहे. ती अक्षरे खरवडायला जावे तर खालच्या रेघाही जातात.