पाच वर्षांचा प्लॅन नसेल तर धंदा बुडतोच?

‘पाच वर्षांचा लेखी बिझनेस प्लॅन नसेल तर धंदा बुडतोच,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तसं नाही. मोठ्या कर्जासाठी बँक प्रोजेक्ट रिपोर्ट मागते, त्यात पुढच्या वर्षांचे अंदाज लागतात. एवढा भाग खरा. पोळी-भाजीचे डबे सुरू करायला मात्र वहीचं एक पान पुरतं.

हिशेब करून बघा. डबा ८० रुपयांना. सामान, गॅस, पोचवणं मिळून ५५. उरले २५. भाडं आणि मदतनीस बाईंचा पगार महिन्याला १०,००० असेल, तर तो भरून निघायला ४०० डबे हवेत. २५ दिवस धरले तर रोज १६. यात स्वतःची मजुरी नाही. ती बहुतेक जण धरायचीच सोडतात, आणि मला तीच चूक सगळ्यात महाग वाटते.

आता पंधरा दिवस डबे द्या, ओळखीच्यांनाही पैसे घेऊनच. फुकटच्या डब्याला कुणी नावं ठेवत नाही. दुसऱ्या आठवड्यात किती जणांनी पुन्हा मागितला, ते रोज लिहा. सोळाचा आकडा झेपतो का, ते त्यातून दिसतं.

पान दर महिन्याला नव्यानं लिहा. तेल-भाजी महागून ५५चे ६० झाले, की रोजच्या १६ डब्यांचे २० होतात.