वॉरंटी संपली म्हणून व्हिडिओ कॅमेरा भंगारात काढू नका

‘वॉरंटी संपली की कंपनी फुकट काहीच करून देत नाही’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो पूर्ण खरा नाही. दोष कारखान्यातूनच आलेला असेल, तर मुदत उलटल्यावरही मोफत दुरुस्ती झाल्याची उदाहरणं आहेत.

सर्वांत ठळक उदाहरण २००५ सालचं. सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरमधल्या (दृश्य टिपणाऱ्या चिपमधल्या) बारीक तारांचे जोड उष्ण, दमट हवेत सुटू लागले. हेच सेन्सर कॅनन आणि इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही होते. चित्र जांभळट, वेडंवाकडं दिसायचं, नाहीतर पडदा काळाच राहायचा. कंपन्यांनी जाहीर सूचना काढून, वॉरंटी संपलेली असली तरी सेन्सर मोफत बदलून दिले. तोवर कितीतरी चांगले कॅमेरे फेकले गेले असतील, याचं फार वाईट वाटतं.

टेपवाल्या कॅमेऱ्यात बिघाड कुठे आहे, हे घरीच बऱ्यापैकी कळतं. जुनी टेप लावून बघा. ती स्वच्छ दिसली, पण समोरचं दृश्य बिघडलेलं असेल, तर संशय सेन्सरवर. जुन्या टेपवरच चौकोनी ठिपके आले, तर बहुधा हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, मळलंय. ते क्लीनिंग कॅसेटनेही सुटू शकतं.

पडलेला किंवा भिजलेला कॅमेरा अशा सवलतीत बसत नाही, आणि सवलतीलाही मुदत असते. म्हणून खर्चाचा अंदाज मान्य करण्याआधी मॉडेल व सिरियल नंबर सांगून एवढं विचाराच: ‘या मॉडेलसाठी मोफत दुरुस्तीची सूचना निघाली आहे का?’