कन्सोल घेण्याआधी टीव्हीची पाठ पाहावी

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाच्याने दिवाळीआधी गेम कन्सोल घ्यायचे ठरवले आणि किमतींचा कागद घेऊन तो माझ्याकडे आला. मी त्याला आधी टीव्ही भिंतीपासून पुढे ओढायला लावला. मागे धुळीखाली एचडीएमआयचे, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरीने आणणाऱ्या जोडणीचे, दोनच पोर्ट होते, त्यातला एक सेट-टॉप बॉक्सने अडवलेला. चिकटवलेल्या पट्टीवरच्या मॉडेल क्रमांकावरून पडदा ४३ इंची आणि फुल एचडी, म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा असल्याचे कळले. कन्सोलची कोणती आवृत्ती घ्यावी याचे निम्मे उत्तर तिथेच मिळाले.

फुल एचडी चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात आणि फोर-केमध्ये त्याच्या बरोबर चौपट, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट धरले आणि सेकंदाला ६० चित्रे पाठवायची म्हटली, तर केवळ चित्राचीच माहिती सेकंदाला १२ गिगाबिटच्या आसपास जाते. एचडीएमआयच्या १.४ या जुन्या आवृत्तीची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट असल्याने त्यावर फोर-के ३० चित्रांवरच अडते, २.० ची क्षमता १८ आणि २.१ ची ४८ गिगाबिट आहे. म्हणून ‘फोर-के, १२० चित्रे’ हे खोक्यावरचे आश्वासन खरे व्हायचे तर कन्सोल, वायर आणि टीव्ही या तिघांनाही ते पेलले पाहिजे.

चौथा भिडू आपला डोळा. निरोगी डोळ्याला साधारणपणे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातले दोन ठिपके वेगळे ओळखता येतात. ४३ इंची फुल एचडी पडद्यावर एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. हिशेब केला तर साडेपाच फुटांपलीकडून तो सुटा दिसणेच बंद होते. भाच्याचा सोफा टेपने मोजला, तो आठ फुटांवर निघाला. त्या जागेवरून त्याच आकाराचा फोर-के टीव्ही आणला तरी जादा ठिपके डोळ्यापर्यंत पोचणार नाहीत. (रंगांची खोली सुधारेल, पण तो वेगळा मुद्दा.)

आता कागदावरच्या किमती. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात आले तेव्हा त्यांच्या किमती ४९,९९० आणि ३४,९९० रुपये होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ ची ४९,९९० आणि त्याच्या डिजिटल एडिशनची ३९,९९०. दोन्हीकडे ‘स्वस्त आवृत्ती’ असली तरी कात्री वेगवेगळ्या ठिकाणी लागली आहे, आणि ग्राहक फसतो तो इथेच. डिजिटल एडिशनमध्ये चिप तीच, चित्र तेच, फक्त डिस्कचा स्लॉट नाही. पण मित्राकडून डिस्क आणून खेळण्याची किंवा खेळून झालेली विकण्याची सोय गेली की वाचलेले दहा हजार हळूहळू परत जाऊ शकतात. सिरीज एसमध्ये मात्र स्लॉट तर नाहीच, शिवाय चित्रे घडवणारी चिपच सुमारे एक तृतीयांश ताकदीची आहे आणि तिचे लक्ष्य फोर-के नसून १४४० रेषांचे चित्र आहे. फुल एचडी टीव्हीला तेवढे पुरून उरते.

किमतीतल्या फरकामागे पडद्याची जोडणी असणे हे जुनेच आहे. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० ला सुरुवातीला एचडीएमआय नव्हते. २००७ मध्ये आलेल्या महागड्या एलिट आवृत्तीत ते १२० जीबी हार्ड डिस्कसह मिळाले.

साठवणीचा आकडा मला सर्वांत गंमतीचा वाटतो. प्लेस्टेशन ५ च्या पहिल्या मॉडेलमध्ये ८२५ जीबी असे अडनिडे माप का? आतल्या एसएसडीला, म्हणजे चिपवरच्या वेगवान साठवणीला, १२ वाहिन्या आहेत आणि प्रत्येकीवर संगणकी मापाने (हजाराऐवजी १०२४ च्या पटीत) ६४ जीबी. गुणाकार ७६८ येतो आणि तोच आकडा कंपन्यांच्या दशमान मापात ८२५ होतो. त्यातून यंत्रणेची जागा वजा जाता सुमारे ६६७ जीबी हाती येतात, तर सिरीज एसच्या ५१२ मधून ३६४ च्या आसपास. शंभर जीबीचे तीन खेळ भरले की ती जागा संपत आली.

भाच्याच्या घरी पडून असलेली यूएसबी हार्ड डिस्क इथे अर्धीच कामाची आहे. आधीच्या पिढीच्या कन्सोलचे खेळ तिच्यावरून थेट चालतात. नव्या पिढीचे खेळ तिच्यावर कोठीत ठेवल्यासारखे ठेवता येतात, खेळताना मात्र आतल्या एसएसडीवर परत उतरवून घ्यावे लागतात.