हिवताप आणि स्वप्रतिपिंडे

शरीराने आपल्याच पेशींतील प्रथिने, मेदद्रव्ये किंवा डीएनए यांच्याविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांना (अँटिबॉडींना) स्वप्रतिपिंडे म्हणतात. ल्युपस किंवा आमवात अशा, शरीर स्वतःवरच उलटण्याच्या विकारांमुळे त्यांचे नाव खराब झाले आहे. हिवतापात मात्र ती एकीकडे परोपजीवीची वाढ रोखतात आणि दुसरीकडे रोग्याचे रक्त कमी करतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माणूस या रोगाला थंडीताप म्हणतो, शेजारचा कन्नड माणूस चळिज्वर. दोन्ही नावांत थंडीच आहे, आणि ती नेमकी आहे. प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम हे परोपजीवी तांबड्या पेशीत वाढतात आणि साधारण ४८ तासांनी ती पेशी फोडून बाहेर पडतात. हुडहुडी भरते ती याच वेळी. व्हायव्हॅक्समध्ये ती बहुधा एक दिवसाआड येते. पेशी फुटली की परोपजीवीचे अवशेष आणि रोग्याच्या स्वतःच्या पेशीचे तुकडे एकदमच रक्तात सांडतात. परोपजीवीचा डीएनए बी-पेशींतील (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींतील) टीएलआर-९ हा ग्राहक चेतवतो, आणि एरवी दबून असलेल्या स्वविरोधी बी-पेशीही कामाला लागतात.

याची किंमत रक्त मोजते. तांबड्या पेशीच्या आवरणात आतल्या बाजूला असलेला फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेद हिवतापात काही निरोगी पेशींवरही बाहेर दिसू लागतो. त्याविरुद्धची स्वप्रतिपिंडे अशा पेशींना चिकटतात आणि भक्षक पेशी त्या गिळून टाकतात. ताप उतरून आठवडा झाला तरी 'रक्त भरत नाही' अशी तक्रार ऐकू येते, तिचे एक कारण हे असू शकते. एकट्या परोपजीवीने फोडलेल्या पेशींच्या हिशेबात हा पांडुरोग बसत नाही.

संरक्षणाची बाजू उशिरा उजेडात आली. ब्रायन ग्रीनवुड यांनी १९६८ मध्ये नायजेरियात ल्युपससारखे स्वप्रतिरक्षा विकार विरळ असल्याकडे लक्ष वेधले आणि परोपजीवींच्या वारंवार संसर्गाशी त्याचा संबंध जोडला. पुढे जनुकांतून वेगळाच धागा हाती लागला: बी-पेशींना लगाम घालणाऱ्या एफसीजीआर-२बी या जनुकाचा एक दुबळा प्रकार ल्युपसचा धोका वाढवतो, पण हिवतापापासून संरक्षण देतो, असे २०१० मध्ये दिसले. पश्चिम आफ्रिकेतील माली या देशातल्या ६०२ मुलामाणसांवरील २०२४ च्या अभ्यासाने या कल्पनेला सर्वांत भक्कम आधार दिला. हिवतापाच्या हंगामाआधी ज्या मुलांच्या रक्तात स्वप्रतिपिंडे जास्त होती, त्यांना त्या हंगामात ताप येण्याचा धोका कमी होता. संरक्षित व्यक्तींच्या रक्तातून वेगळी काढलेली ही प्रतिपिंडे परोपजीवीला तांबड्या पेशीत शिरायला मदत करणाऱ्या त्याच्या प्रथिनांना चिकटली आणि प्रयोगशाळेत त्याची वाढ रोखली गेली. म्हणजे 'स्वतः'विरुद्धचे हे शस्त्र परक्यालाही लागते.

हे निष्कर्ष बेळगावला जसेच्या तसे लावता येत नाहीत. मालीत स्वप्रतिपिंडांचे प्रमाण वयाबरोबर आणि लक्षणांविना असलेल्या संसर्गाबरोबर वाढत गेलेले आढळले. तिथे डास दरवर्षी ही तालीम घडवतो. बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात असताना शेजारच्या धारवाड व कारवार जिल्ह्यांत १९४६ पासून डीडीटीची मोठी फवारणी झाली, १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि अलीकडच्या दशकांत कर्नाटकातील हिवतापाचा भर मंगळूरच्या बाजूला राहिला. त्यामुळे खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटीच्या पावसातला प्रौढ शेतकरीही या बाबतीत बराचसा नवखाच असतो. त्याला तापात रक्ताची काच तपासून वेळेत गोळ्या मिळणे हेच खरे संरक्षण. व्हायव्हॅक्समध्ये यकृतात दडून राहिलेल्या परोपजीवीवर प्रतिपिंडांचा इलाज चालत नाही; म्हणूनच प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा डोस असतो, आणि तो अर्ध्यावर सोडण्याची सवय फार महागात पडते.

या स्वप्रतिपिंडांशी आपली गाठ पडते ती बहुधा लॅबच्या खिडकीपाशी. उपदंशासाठीची व्हीडीआरएल चाचणी कार्डिओलिपिन या मेदाविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. हिवतापात अशी मेदविरोधी प्रतिपिंडे तात्पुरती वाढतात आणि चाचणी खोटी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. अशा वेळी उपदंशाच्या जंतूविरुद्धचीच प्रतिपिंडे शोधणाऱ्या टीपीएचए चाचणीने खात्री करून घेण्याआधी तो कागद घरच्यांच्या हाती देऊ नये.